अहवाल ‘नॉर्मल’, तरीही पोट दुखते : आतड्यांच्या दाहविकारातील तपासण्यांचा अर्थ

“सगळे रिपोर्ट नॉर्मल आले आहेत, मग अजून कसला त्रास?” आतड्यांच्या दीर्घकालीन दाहविकाराने पीडित असलेल्या व्यक्तीला हा प्रश्न घरात, कचेरीत आणि कधी कधी दवाखान्यातही ऐकावा लागतो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट हेतू नसतो. तथापि ऐकणाऱ्याला मात्र आपल्या वेदनेवर कोणाचाच विश्वास उरलेला नाही असे वाटू लागते. याउलट काही रुग्ण ‘नॉर्मल’ हा शब्द वाचून ‘आता आपण पूर्ण बरे झालो’ असे समजतात, औषधे स्वतःच्या मनाने बंद करतात आणि काही महिन्यांनी रक्तमिश्रित जुलाबांनी पुन्हा अंथरूण धरतात.

कागद एकच, परंतु त्यावरून दोन परस्परविरोधी निष्कर्ष काढले जातात आणि ते दोन्ही चुकीचे ठरतात. रक्ताचा चांगला अहवाल म्हणजे आजार गेल्याचे प्रमाणपत्र नव्हे, आणि रुग्णाचा त्रास खोटा असल्याचा पुरावा तर मुळीच नव्हे. या तपासण्या काय सांगतात, काय सांगू शकत नाहीत, आणि अहवाल चांगला असतानाही त्रास का उरतो, याचे विवेचन आम्ही येथे करीत आहोत. हा लेख डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र डॉक्टरांसमोर बसल्यावर कोणते प्रश्न विचारावेत, हे समजण्यास त्याची मदत व्हावी, ही अपेक्षा आहे.

हा आजार कोणता?

आतड्यांच्या दाहविकाराचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला अल्सरेटिव्ह कोलायटिस. यात मोठ्या आतड्याच्या आतील अस्तराला सूज येते व व्रण पडतात. १८५९ साली लंडनचे डॉक्टर सॅम्युअल विल्क्स यांनी या विकाराची नोंद केली. दुसरा क्रोन्स विकार. न्यूयॉर्कमधील बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग व गॉर्डन ओपनहायमर या तीन डॉक्टरांनी १९३२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हा विकार तोंडापासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गात कोठेही होऊ शकतो, तथापि लहान आतड्याचा शेवटचा भाग हे त्याचे आवडते ठिकाण. त्याची सूज आतड्याच्या भिंतीच्या सर्व थरांत शिरते. त्यामुळे आतडे अरुंद होणे, भगंदर होणे अशा गुंतागुंती उद्भवतात.

दोन्ही विकारांत शरीराची संरक्षणयंत्रणा आपल्याच आतड्यावर उलटते. आजार कधी भडकतो, कधी शांत होतो. परंतु तो दीर्घकाळ सोबत राहतो. तो संसर्गजन्य नाही आणि कोणाच्या चुकीमुळे होत नाही. आपल्या देशात आणखी एक बाब लक्षात ठेवावी लागते. आतड्याचा क्षयरोगही बहुधा त्याच ठिकाणी, म्हणजे लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यापाशी होतो आणि त्याची लक्षणे क्रोन्ससारखीच दिसतात. म्हणून निदानाला कधी कधी वेळ लागतो, तुकडा काढून तपासावा लागतो. त्याबद्दल डॉक्टरांवर रागावण्याचे कारण नाही.

दाहाची खूण : सी.आर.पी. आणि ई.एस.आर.

रक्ताच्या अहवालात रुग्णाची नजर प्रथम सी.आर.पी. या आकड्याकडे जाते. हे यकृतात तयार होणारे एक प्रथिन आहे. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील विल्यम टिलेट व थॉमस फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात आढळले. शरीरात कोठेही दाह सुरू झाला की काही तासांतच ते वाढू लागते, आणि दाह शमला की तितक्याच झपाट्याने उतरते. सुमारे १९ तासांत त्याचे प्रमाण निम्मे होते. म्हणूनच उपचार लागू पडत आहे की नाही, हे पाहण्यासाठी ते उपयोगी पडते.

परंतु या प्रथिनाला दाहाचे ठिकाण सांगता येत नाही. साधा ताप, दाढेचा पू, मूत्रमार्गाचा संसर्ग यांनीही ते वाढते. धूर दिसला, म्हणजे कोठेतरी आग आहे एवढे कळते. ती कोणाच्या घरात लागली आहे, हे धुरावरून कळत नाही. दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. काही व्यक्तींच्या शरीरात प्रत्यक्ष दाह असूनही सी.आर.पी. फारसे वाढत नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये सूज बहुधा अस्तरापुरतीच मर्यादित असल्याने हे विशेषतः घडते. म्हणून प्रत्येक रुग्णाने आपल्या जुन्या कागदांत एक गोष्ट शोधावी : आजार सर्वाधिक भडकला होता तेव्हा आपले सी.आर.पी. वाढले होते काय? तेव्हाही ते नॉर्मलच असेल, तर आजच्या नॉर्मल आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. तेव्हा ते ६० होते आणि आज ३ आहे, तर मात्र ही खरोखर आनंदाची बाब आहे.

येथे मापाच्या एककाकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. काही प्रयोगशाळा हा आकडा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, तर काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. पहिल्या पद्धतीतील ८ म्हणजे दुसऱ्या पद्धतीतील ०.८. प्रयोगशाळा बदलली की आकडा दहापट उतरल्याचा किंवा चढल्याचा भास होतो आणि घरात उगीच आनंद किंवा आकांत होतो. आकड्यासमोर छापलेले एकक व त्या प्रयोगशाळेची सामान्य मर्यादा पाहिल्याशिवाय तुलना करू नये. शक्य असल्यास तपासणी एकाच प्रयोगशाळेत करावी.

ई.एस.आर. ही त्याहून जुनी तपासणी. उभ्या नळीत ठेवलेल्या रक्तातील तांबड्या पेशी एका तासात किती मिलिमीटर खाली बसतात, ते यात मोजतात. हा आकडा सावकाश चढतो आणि सावकाश उतरतो. शिवाय तो वयानुसार वाढतो, स्त्रियांत अधिक असतो, आणि पंडुरोगातही वाढतो. एक ढोबळ नियम असा आहे, की पुरुषांच्या बाबतीत वयाच्या निम्मा आणि स्त्रियांच्या बाबतीत वयात दहा मिळवून त्याच्या निम्मा आकडा ही वरची मर्यादा समजावी. म्हणजे साठ वर्षांच्या स्त्रीच्या अहवालात ३५ हा आकडा दिसला, तर तेवढ्यावरून भयभीत होण्याचे कारण नाही.

हिमोग्लोबिन आणि लोहाचे कोडे

या आजारात पंडुरोग वारंवार आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार पुरुषांत १३ आणि गर्भवती नसलेल्या स्त्रियांत १२ ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे पंडुरोग. त्याची कारणे दोन प्रकारची असतात. एक तर शौचावाटे रक्त जाऊन लोह कमी होते. दुसरे असे, की दाहामुळे शरीर आपल्याकडचे लोह कोठारात कोंडून ठेवते व ते रक्तनिर्मितीला मिळत नाही. पुष्कळदा दोन्ही कारणे एकत्र नांदतात.

लोहाचा साठा फेरिटिन या तपासणीने कळतो. येथेच मोठी फसगत होते, कारण दाह असताना फेरिटिन आपोआप वाढते. दाह नसताना ३० पेक्षा कमी फेरिटिन म्हणजे लोहाची उणीव. परंतु दाह असताना १०० पर्यंतचे फेरिटिनही उणीव लपवीत असू शकते. म्हणून फेरिटिन एकट्याने वाचू नये, त्याच्यासोबत सी.आर.पी. आणि ट्रान्सफेरिनची संपृक्तता पाहावी लागते. ही संपृक्तता २० टक्क्यांहून कमी असेल, तर लोह कमी पडत असण्याची शक्यता वाढते.

लोहाच्या गोळ्यांनी शौच काळसर होते आणि काहींचे पोटही बिघडते. आजार भडकलेला असेल, गोळ्या सोसत नसतील किंवा हिमोग्लोबिन १० पेक्षा खाली असेल, तर शिरेतून लोह देण्याचा मार्ग तज्ज्ञ निवडतात. सतत थकवा जाणवणाऱ्या रुग्णाने आपल्या लोहाची तपासणी झाली आहे काय, हे अवश्य विचारावे.

अहवालातील इतर ओळी

अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन साधारणतः ३.५ ग्रॅमपेक्षा अधिक असावे. ते घटले की ‘नीट जेवत नाहीस’ असा ठपका रुग्णावर ठेवला जातो. वस्तुतः तीव्र दाहात यकृत हे प्रथिन कमी बनविते आणि सुजलेल्या आतड्यातून ते गळूनही जाते. प्लेटलेट साडेचार लाखांच्या वर गेल्या, तर दाह किंवा लोहाची उणीव यांचा तो इशारा असू शकतो. पांढऱ्या पेशी संसर्गाने वाढतात, पण स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही वाढतात.

जीवनसत्त्व बी-१२ लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाते. क्रोन्सने तोच भाग बिघडविला असेल, किंवा शस्त्रक्रियेत तो काढला असेल, तर बी-१२ कमी पडते. हातापायांना मुंग्या येतात, थकवा येतो. अशा रुग्णाला बहुधा बी-१२ ची इंजेक्शने घ्यावी लागतात.

काही तपासण्या आजारासाठी नसून औषधांच्या देखरेखीसाठी असतात. अॅझाथायोप्रिन सुरू असताना पांढऱ्या पेशी धोकादायक रीतीने घटू शकतात. त्यामागे असणारा एन.यू.डी.टी.-१५ या जनुकातील बदल भारतीयांसह आशियाई लोकांत युरोपीय लोकांपेक्षा अधिक आढळतो. म्हणून पहिल्या काही आठवड्यांतील रक्ततपासणी कधीही चुकवू नये. मेसालामाइन घेणाऱ्यांनी मूत्रपिंडाच्या कार्यासाठी क्रिएटिनिन ठरावीक काळाने तपासावे. इन्फ्लिक्सिमॅब किंवा अॅडालिमुमॅब ही इंजेक्शने सुरू करण्यापूर्वी शरीरात सुप्त क्षयरोग नाही ना, हे पाहणे अनिवार्य आहे. ‘बरे वाटते आहे, मग रक्त कशाला द्यायचे?’ या प्रश्नाचे उत्तर यात मिळते.

रक्तात दिसत नाही, ते शौचात दिसते

आतड्यातील दाहाची अधिक थेट खबर देणारी तपासणी रक्ताची नसून शौचाची आहे. तिचे नाव फिकल कॅलप्रोटेक्टिन. दाहाच्या जागी धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशींमधील हे प्रथिन आतड्यात उतरते आणि शौचात मोजता येते. निरोगी व्यक्तीत ते साधारणतः ५० च्या आत असते. निदान झालेल्या आणि त्रास कमी असलेल्या रुग्णात १५० च्या आतील आकडा दिलासा देणारा मानतात; २५० च्या वर असेल, तर दाह चालू असल्याचा संशय बळावतो. मधल्या आकड्यांसाठी काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करणे श्रेयस्कर. संसर्गजन्य जुलाब आणि डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या यांनीही हा आकडा वाढतो, हे विसरू नये.

अखेरीस दुर्बिणीने आतडे प्रत्यक्ष पाहणे हाच सर्वांत विश्वसनीय मार्ग. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी उपचारांची ध्येये टप्प्याटप्प्याने मांडली आहेत : प्रथम त्रास कमी व्हावा, नंतर सी.आर.पी. आणि कॅलप्रोटेक्टिन उतरावे, आणि दीर्घकालीन ध्येय म्हणून दुर्बिणीतून पाहता आतड्याचे अस्तर भरून आलेले दिसावे. रक्ताचा चांगला अहवाल हा या वाटेवरील मधला मुक्काम आहे.

मग त्रास का उरतो?

रक्त व शौचाचे अहवाल चांगले आले, दुर्बिणीतही व्रण भरलेले दिसले, आणि तरीही पोट दुखते, फुगते, दिवसातून चार-पाच वेळा शौचास जावे लागते. अशा रुग्णांची संख्या थोडीथोडकी नाही. आजार शांत झालेल्या रुग्णांपैकी जवळजवळ एकतृतीयांश लोकांना असा त्रास जाणवत असल्याचे संशोधनांतून दिसून आले आहे.

याचे एक कारण असे, की प्रदीर्घ दाहानंतर आतड्यांच्या मज्जातंतूंची संवेदनशीलता वाढलेली राहते. जखम भरली, तरी ती जागा हळवी राहते, तसेच हे आहे. नेहमीचा वायू, नेहमीची हालचाल यांचीही आतड्याला वेदना होते. ही वेदना काल्पनिक नव्हे. मात्र तिच्यावर स्टेरॉइडचा उपयोग होत नाही. आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली कांदा, लसूण, गहू, कडधान्ये यांसारखे वायू निर्माण करणारे पदार्थ काही काळ कमी करून पाहणे, आतड्यांचे आकुंचन शमविणारी औषधे, पुरेशी झोप आणि मनावरील ताण हलका करणे यांनी आराम पडतो. कधी डॉक्टर नैराश्यावरील औषध अत्यल्प मात्रेत देतात. ते मज्जातंतूंची वेदना कमी करण्यासाठी असते, रुग्णाला ‘मानसिक’ ठरविण्यासाठी नव्हे.

दुसरी कारणे शोधून काढावी लागतात. लहान आतड्याचा शेवटचा भाग काढला असेल, तर पित्ताम्ले मोठ्या आतड्यात उतरून पाण्यासारखे जुलाब होतात. त्यावर कोलेस्टिरामिन ही भुकटी गुणकारी ठरते. दुधातील साखर न पचणे ही आपल्याकडे सर्रास आढळणारी बाब आहे. अशांना दूध सोसत नाही, पण दही बहुधा सोसते. कधी नवा जंतुसंसर्ग झालेला असतो आणि आजार उलटल्याचा भास होतो. म्हणून औषध वाढविण्यापूर्वी शौचाची जंतुतपासणी करतात.

क्रोन्सच्या रुग्णाने एक कारण विशेष ध्यानात ठेवावे. जुना दाह बरा होताना आतड्यात वण राहून ते अरुंद होते. तेथे सूज नसल्याने सी.आर.पी. अगदी नॉर्मल असू शकते, परंतु जेवणानंतर कळा येतात, पोट फुगते, उलटी होते. येथे रक्ततपासणी मुकी ठरते. स्कॅन किंवा एम.आर.आय. करून आतड्याचा मार्ग पाहावा लागतो.

थकव्याचेही असेच. लोह, बी-१२, जीवनसत्त्व डी, थायरॉइड, अपुरी झोप, स्टेरॉइडचे परिणाम, खिन्नता यांपैकी एक किंवा अनेक कारणे त्यामागे असू शकतात. ‘आळशी झाला आहे’ हे निदान कोणत्याही वैद्यकीय ग्रंथात नाही.

रुग्णाने काय करावे?

प्रथम, आपले सर्व अहवाल तारखेनुसार एका फाइलमध्ये लावावेत. एका कागदावरील एकटा आकडा फारसे बोलत नाही. वर्षभराचे आकडे एकाखाली एक लिहिले, की चढ-उतार कळतो. त्यासोबत साधी नोंदवही ठेवावी : दिवसातून किती वेळा शौच झाले, रक्त होते काय, रात्री झोपेतून उठावे लागले काय, वजन किती.

दुसरे, अहवाल चांगला आला म्हणून औषध बंद करू नये. बहुधा औषध चालू असल्यामुळेच तो चांगला आलेला असतो. मात्रा कमी करण्याचा निर्णय तज्ज्ञांसोबत घ्यावा.

तिसरे, पोट दुखले म्हणून जुन्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड आणून घेऊ नये. हाडे ठिसूळ होणे, रक्तातील साखर वाढणे, मोतीबिंदू, जंतुसंसर्ग ही त्याची किंमत असते. तसेच बराच काळ घेतलेले स्टेरॉइड एकाएकी थांबविणेही जिवावर बेतू शकते. अंगदुखीसाठी वर उल्लेखिलेल्या वेदनाशामक गोळ्याही विचारल्याशिवाय घेऊ नयेत; त्यांनी आजार भडकू शकतो.

चौथे, डॉक्टरांना स्पष्ट प्रश्न विचारावेत : “माझा त्रास दाहामुळे आहे की अन्य कारणाने? ते ठरविण्यासाठी कॅलप्रोटेक्टिन किंवा दुर्बीण लागेल काय?” मोठ्या आतड्याचा आजार असणाऱ्यांनी आणखी एक प्रश्न जोडावा. त्रास सुरू होऊन सुमारे आठ वर्षे झाली, की कर्करोगाच्या शक्यतेसाठी दुर्बीण तपासणी करण्याचा सल्ला दिला जातो, मग रुग्णाला कितीही बरे वाटत असो.

केव्हा थांबू नये?

१९५५ साली ऑक्सफर्डचे डॉक्टर सिडनी ट्रूलव्ह व लेस्ली विट्स यांनी अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या तीव्र झटक्याचे निकष मांडले. ते आजही वापरात आहेत. दिवसातून सहा किंवा अधिक वेळा रक्तमिश्रित शौच, आणि त्यासोबत सुमारे १०० अंश फॅरनहाइटहून अधिक ताप, ९० हून अधिक नाडी, १०.५ पेक्षा कमी हिमोग्लोबिन किंवा ३० पेक्षा अधिक ई.एस.आर. यांपैकी एक जरी लक्षण असेल, तरी रुग्णाला इस्पितळात दाखल करणे आवश्यक असते. पोट ताठ होऊन फुगणे, सतत उलट्या, शौच व वायू दोन्ही बंद होणे ही लक्षणेही तातडीची आहेत. अशा वेळी घरगुती उपाय करीत बसू नये आणि रक्ताच्या अहवालाची वाटही पाहू नये.

शेवटी दोन शब्द कुटुंबीयांसाठी. या आजारात रुग्णाला बाहेर जाण्यापूर्वी शौचालय कोठे आहे, हे पाहावे लागते. लग्नसमारंभाच्या पंगतीत ताट बाजूला सारावे लागते. आणि प्रत्येक वेळी कारण सांगण्याची लाज वाटते. त्याच्या चेहऱ्यावर आजार दिसत नाही, आता तर कागदावरही दिसत नाही. अशा वेळी घरच्यांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा आणि पुढच्या तपासणीला त्याच्यासोबत जावे. अहवाल हाती आल्यावर ‘आता कसला त्रास?’ असे विचारण्याऐवजी ‘आज त्रास कसा आहे?’ असे विचारावे. मिळालेले उत्तर नोंदवहीत लिहून डॉक्टरांपुढे ठेवावे. निदानासाठी तेही प्रयोगशाळेच्या आकड्यांइतकेच मोलाचे असते.